बी.ए. इंग्रजीला कादंबरी भाषाविज्ञानातून शिकवावी का?

कृष्णाकाठ, सांगली
आमच्याकडची पोरं कादंबरी न उघडताच पास होतात. गाइडातला सारांश आणि पात्रांचे स्वभाव घोकले की झालं. मी म्हणतो, वाक्यं कशी रचलीत ते विचारा. हॅलिडे या इंग्रज भाषावैज्ञानिकानं १९७१ सालच्या लेखात गोल्डिंगच्या 'द इनहेरिटर्स' या कादंबरीवर हेच केलं. त्यातल्या आदिमानवानं धनुष्यबाण कधी पाहिलेला नाही. समोरचा बाण सोडतो, तर याला दिसतं एवढंच की काठी दोन्ही टोकांनी आखूड झाली आणि पुन्हा लांब झाली. कुणी काही करत नाही, सगळं आपसूक होतं! हॅलिडेनं क्रियापदं तपासली, तर सकर्मक फारच थोडी. सकर्मक-अकर्मक तर आपली पोरं शाळेतच शिकून येतात.

विट्याचा मास्तर
हॅलिडेची मातृभाषा इंग्रजी होती, राव. मर्ढेकर मूळचे साताऱ्याजवळच्या मर्ढ्याचे. त्यांचं 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ऐकताना 'ओल्या' भलतीकडे बसलंय हे आपल्या कानालाच कळतं, कारण सरळ मराठी अंगात मुरलेली आहे. आटपाडीच्या पोराला सरळ इंग्रजी कुठली तेच ठाऊक नाही, तर वाकडं काय ओळखणार? आधी त्याला गोष्टीत रमू द्या.

कृष्णाकाठ
रमायला आधी कळायला तर हवं? कान तयार होईस्तोवर काय, गाइडच? आपण इंग्रजी व्याकरणातून शिकलो. इंग्रज ज्या वाक्यावरून सरळ पुढे जाईल, तिथं आपलं पोरगं थांबतं, "सर, यात कर्ता कुठाय?" तेच तर मला हवंय. भाषेचा तास आणि साहित्याचा तास जोडा, हे विडोसन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकानं १९७५ सालीच पुस्तक लिहून सांगितलंय.

यवतेश्वर घाट
एम.ए.ला आम्हाला स्टायलिस्टिक्सचा, म्हणजे भाषेवरून साहित्याची शैली तपासण्याचा, पेपर होता. फोरग्राउंडिंगची (नेहमीची भाषा मोडून शब्द नजरेत भरवण्याची) व्याख्या लिहा, प्रकार लिहा. कविता एकही वाचली नाही. बी.ए.ला आणलंत तर गाइड आणखी जाड होईल, दुसरं काय!

विट्याचा मास्तर
घ्या! आणि 'द इनहेरिटर्स'वरच्या याच लेखावरून स्टॅन्ली फिश या अमेरिकन समीक्षकानं हॅलिडेला धरलं होतं. अर्थ आधी ठरवायचा आणि मग व्याकरणातून तोच काढून दाखवायचा. माणूस हतबल आहे हे वाचणाऱ्याला क्रियापदं न मोजताही कळतं.

कृष्णाकाठ
वाचणाऱ्याला कळतं, कबूल. माझ्या वर्गात वाचणारे किती? मी बाणाचं ते एक पान झेरॉक्स करून वाटतो, क्रियापदांखाली रेघा मारायला लावतो. निदान तेवढं पान तरी वाचावंच लागतं.