महाराष्ट्राची सनद आहे, गुजरातमध्ये प्रॅक्टिस करता येईल का? नाशिकहून वापीला शिफ्ट होतेय

रेवा_नाशिक

नमस्कार सगळ्यांना. मी नाशिकला वकिली करते, कोर्टाचं काम कमी आणि कंपन्यांचं जास्त. म्हणजे सातपूर-अंबडच्या छोट्या मध्यम युनिट्सचे सप्लायचे आणि जॉबवर्कचे करार, पार्टनरशिप डीड, एलएलपी, वसुलीच्या नोटिसा, चेक बाउन्स, आणि कधी एनसीएलटीचं (कंपन्यांच्या प्रकरणांचं ट्रिब्युनल) काही निघालं तर मुंबईला जाते. आता मिस्टरांची बदली वापीला झालीय, जूनपासून मुलीची शाळा पण तिकडेच, त्यामुळे मलाही बिऱ्हाड हलवावं लागणार. दोन-तीन क्लायंटचे प्लांट वापी जीआयडीसीत (तिकडची एमआयडीसीच) आणि सिल्वासाला आहेत, ते म्हणतात मॅडम बरंच झालं, तिकडचं पण तुम्हीच बघा.

पण माझी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची आहे. एकाने सांगितलं गुजरातची सनद असल्याशिवाय तिकडे वकीलपत्रच घेत नाहीत, दुसरा म्हणाला पुन्हा एआयबीई (वकिलांची देशपातळीवरची परीक्षा) द्यावी लागेल, आणि मैत्रिणीची मुलगी अमेरिकेत एलएलएम करतेय ती म्हणते इथे तर प्रत्येक स्टेटचं लायसन्स वेगळं, तुमच्याकडे पण तसंच असणार. खरं सांगते, झोप उडालीय, कारण इतक्या वर्षांनी कुठे एमआयडीसीतले लोक नावाने ओळखायला लागलेत आणि आता परत शून्यापासून सुरुवात करायची की काय? दोन्हीकडच्या सनदा ठेवता येतात का? ट्रान्सफर केली तर सिनिऑरिटी जाते का? आणि नाशिकचे क्लायंट सोडायची माझी अजिबात इच्छा नाहीये. माहितगारांनी प्लीज नीट सांगा.

पंचवटी_अॅडव्होकेट

रेवाताई, आधी शांत व्हा, शून्यापासून काही सुरू करायचं नाहीये.

अमेरिकेचं आपल्याला लागू नाही. तिकडे लायसन्स राज्याचं असतं, म्हणून न्यूयॉर्कच्या वकिलाला कॅलिफोर्नियात प्रॅक्टिस करायची तर तिकडची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ देशभर एकच. त्यातलं कलम ३० म्हणतं की राज्याच्या रोलवर, म्हणजे वकिलांच्या यादीत, नाव असलेल्या वकिलाला भारतभर, सुप्रीम कोर्टासकट सगळ्या कोर्टात आणि पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या ट्रिब्युनलपुढे प्रॅक्टिसचा हक्क आहे. हे कलम कायद्यात १९६१ पासून होतं पण लागू केलं नव्हतं, ते लागू झालं १५ जून २०११ ला. म्हणून जुन्या वकिलांच्या डोक्यात अजूनही "परराज्यात चालत नाही" हे बसलेलं आहे, त्यांचंही फार चुकत नाही, त्यांच्या उमेदीच्या काळात चित्र वेगळं होतं.

एआयबीई पुन्हा नाही. ती बार काउन्सिल ऑफ इंडियाची परीक्षा आहे, राज्याची नाही, एकदा पास झालात की झालात.

दोन सनदा मात्र नाही म्हणजे नाही. कलम १७(४) स्पष्ट आहे, एका वेळी एकाच राज्याच्या रोलवर नाव. कुणी "गुपचूप दुसरी काढा" असा सल्ला दिला तर ऐकू नका, खोटी माहिती देऊन नोंदणी केली असं निघालं तर कलम २६ खाली नाव काढून टाकता येतं.

राहिली ट्रान्सफर, ती कलम १८ खाली. अर्ज बार काउन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा अर्ज प्रामाणिक हेतूने नाही असं दिसलं तर ते तुमचं म्हणणं ऐकून अर्ज नाकारू शकतात, एरवी इकडच्या रोलवरून नाव काढून तिकडच्या रोलवर घालायचा आदेश होतो. सिनिऑरिटी जशीच्या तशी राहते, १८(२) मध्ये लिहिलेलंच आहे. आणि कायद्यात "कोणतीही फी न घेता" असे शब्द आहेत. प्रत्यक्षात प्रोसेसिंग वगैरे नावाखाली काही मागितलं तर लेखी पावती घ्या आणि कुठल्या नियमाखाली मागताय ते विचारा, न भांडता पण विचारा जरूर. नोंदणी फीबद्दल सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला गौरव कुमारच्या निकालात सांगितलंच आहे की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे जनरलला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५ रुपये. तो निकाल नवीन नोंदणीबद्दल आहे, ट्रान्सफरबद्दल नाही, पण वाचून ठेवा.

दमणगंगा_काठ

मी मूळचा दिंडोरीचा, आता सिल्वासात असतो आणि वापी-दमणची कामं करतो. पंचवटीकरांनी बरोबर सांगितलंय पण तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली.

सिल्वासा आणि दमण तुम्हाला परराज्य नाहीच! आपल्या काउन्सिलचं नाव महाराष्ट्र अँड गोवा असलं तरी कायद्याच्या कलम ३ प्रमाणे दादरा नगर हवेली आणि दमण-दीव तिच्यातच येतात, आणि हायकोर्ट पण मुंबईचंच. २६ जानेवारी २०२० ला दोन्ही केंद्रशासित प्रदेश एक झाले तरी हे बदललं नाही. म्हणजे वापीत राहून तुम्ही तुमच्याच काउन्सिलच्या हद्दीत रोज जाऊ शकता, सिल्वासा आणि दमण दोन्ही वापीहून हाकेच्या अंतरावर. आपल्याकडचे बरेच वकील हे लक्षातच घेत नाहीत आणि थेट गुजरातच्या ट्रान्सफरच्या मागे लागतात. ट्रान्सफर केली तर उलट सिल्वासाला तुम्ही "बाहेरच्या" ठराल, हा विचार करा.

वापी मात्र वलसाड जिल्हा, गुजरात हायकोर्ट. तिकडे तुमचा हक्क आहेच, पण हक्क असणं वेगळं आणि काम होणं वेगळं. खालच्या कोर्टाची भाषा गुजराती. जबाब गुजरातीत, रोजनामा गुजरातीत, कारकुनाशी बोलणं गुजरातीत. बोलता दोन महिन्यांत येतं, वाचायला देवनागरी येणाऱ्याला फार जड नाही, डोक्यावरची रेघ काढली की बरीच अक्षरं ओळखीची वाटतात, पण हाताने लिहिलेली जुनी कागदपत्रं वाचायला वेळ लागतोच. ताई, खरं सांगतो, सनदीच्या कागदापेक्षा आत्तापासून रोज अर्धा तास गुजराती वाचायला बसा, त्याचा जास्त उपयोग होईल. सुरुवातीला एखाद्या स्थानिक वकिलाबरोबर जॉइंट वकीलपत्र टाका, फी वाटून घ्या, लोक चांगले आहेत, महाराष्ट्राचे म्हणून मला कुणी कधी तोडून बोललं नाही.

नवी_सनद_सिडको

सर एक शंका, मी ज्युनियर आहे. कलम ३० असलं तरी हायकोर्ट स्वतःचे नियम करू शकतं ना? आम्हाला कॉलेजमध्ये अलाहाबादचं उदाहरण शिकवलं होतं, तिकडच्या रोलवर नसलेल्या वकिलाला तिथल्या वकिलाबरोबरच वकीलपत्र टाकावं लागतं असं. मग मॅडमनी सरळ ट्रान्सफर करून टाकली तर कटकटच मिटेल असं मला वाटतं. एकदा कायमचं राहायला जायचं तर अर्धवट कशाला?

पंचवटी_अॅडव्होकेट

छान प्रश्न. हो, कलम ३४ खाली हायकोर्टाला नियम करता येतात. अलाहाबादच्या नियम ३ आणि ३-अ ला जमशेद अन्सारी प्रकरणात आव्हान दिलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ते नियम वैध धरले. कारण हे की कोर्टाला जबाबदार धरायला, नोटीस द्यायला, तारखेला हजर ठेवायला कुणीतरी जवळचा माणूस हवा. मला ते पटतं. पक्षकाराचं नुकसान होतं ते मोठे मुद्दे हरून कमी आणि तारखेला कुणीच उभं नसल्यामुळे जास्त. म्हणून रेवाताई, गुजरात हायकोर्टात उभं राहायची वेळ आली तर आधी त्यांचे नियम आणि बाहेरच्या वकिलासाठीची अट रजिस्ट्रीत विचारून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

पण ट्रान्सफर लगेच करा याच्याशी मी सहमत नाही. नवऱ्याची बदली झालीय, परत पण होऊ शकते. ताईंच्या कामाचा मोठा भाग नाशिकला आहे आणि दमणगंगाकरांनी सांगितलं तसं सिल्वासा-दमण आपल्याच काउन्सिलमध्ये. दोन वर्षं थांबा, काम कुठे वाढतंय ते बघा. वापी-वलसाडच्या कोर्टातलंच काम जास्त झालं, तिकडच्या बार असोसिएशनमध्ये बसणं-उठणं वाढलं, तर करा की ट्रान्सफर, तेव्हा कारणही खरं आणि कागदावर दाखवता येणारं असेल. आणि ट्रान्सफर होताना इकडच्या वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं सभासदत्व असेल तर त्याचं काय होणार हे लेखी विचारून घ्या, लोक हे विसरतात.

सीए_कॉलेजरोड

मी वकील नाही पण कंपन्यांच्या बाजूने रोज हेच बघतो म्हणून लिहितो. नाशिकचे क्लायंट सुटतील ही भीती मला अनाठायी वाटते, कारण तुमचं बरंचसं काम क्लायंट कुठे आहे त्यावर ठरतं, वकील कुठे राहते त्यावर नाही.

चेक बाउन्स घ्या. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक खात्यात भरला असेल तर ज्याला पैसे मिळायचे त्याचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात केस. तुमच्या अंबडच्या क्लायंटचं खातं नाशिकला, चेक देणारा वापीचा असला तरी केस नाशिकलाच. एमएसएमईच्या (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) थकबाकीचं तसंच, सप्लायर जिथे आहे तिथली फॅसिलिटेशन काउन्सिल, म्हणजे असे वाद बघणारी समिती, बायर देशात कुठेही असो. एनसीएलटीला रजिस्टर्ड ऑफिस बघतात, नाशिकची कंपनी मुंबई बेंचकडे, गुजरातची अहमदाबादकडे, आणि तिथे तर कंपनी कायद्याच्या कलम ४३२ प्रमाणे आम्ही सीए आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) पण उभे राहतो, वकिलाची सनद कुठल्या राज्याची हा प्रश्नच येत नाही. आर्बिट्रेशन तर दोन्ही पार्ट्या ठरवतील तिथे.

खरी गडबड होते ती स्टॅम्प ड्यूटीत, आणि ही माझी कळकळीची विनंती आहे कारण नुकसान क्लायंटचं होतं. महाराष्ट्र आणि गुजरातचे स्टॅम्प कायदे मूळचे एकच, १९५८ चा मुंबईचा कायदा, १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि मग दोघांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. त्यामुळे कलमांचे नंबर ओळखीचे वाटतात आणि माणूस बेसावध राहतो, पण दर वेगळे. करार वापीत सह्या करून तिकडच्या स्टॅम्पवर केला आणि प्रॉपर्टी किंवा काम महाराष्ट्रातलं असलं तर तो कागद इकडे आल्यावर फरकाची ड्यूटी भरावी लागते, आणि बाहेर केलेल्या कागदाला महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. एका क्लायंटचा असाच अपुऱ्या स्टॅम्पचा करार कोर्टात पुराव्याला घेतला नाही आणि वसुली अडकली होती. म्हणून प्रत्येक करारात सह्या कुठे होणार हे आधी ठरवा.

जीएसटीचं फार टेन्शन नाही, वकिलाने कंपन्यांना दिलेल्या सेवेवर टॅक्स रिव्हर्स चार्जने क्लायंट भरतो. प्रोफेशनल टॅक्सचा तेवढा विचार करा, इकडचं ऑफिस बंद केलंत तर पीटीईसी (त्या टॅक्सची नोंदणी) बंद करायचा अर्ज द्या, नाहीतर डिमांड चालू राहते.

रेवा_नाशिक

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सिल्वासा-दमण आपल्याच काउन्सिलमध्ये हे मला खरंच माहीत नव्हतं, मिस्टरांना वाचून दाखवलं तर तेही म्हणाले मग अडचण काय राहिली. अजून दोनच विचारते. वापीच्या एका कंपनीने विचारलंय की आमच्याकडे फुल-टाइम लीगल मॅनेजर म्हणून या, पगार चांगला आहे, आणि सनद चालू ठेवून बाहेरची कामं संध्याकाळी करा असं ते म्हणतात. हे चालतं का? आणि मी महाराष्ट्र सरकारची नोटरी आहे, त्याचं काय?

पंचवटी_अॅडव्होकेट

फुल-टाइम पगारी नोकरी आणि सनद एकत्र चालत नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ बघा. नोकरी धरली की काउन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस थांबवायची. नंतर सोडलीत तर पुन्हा सुरू करता येते. आणि "मी कोर्टात जात नाही, फक्त करार करते" हा बचाव पण टिकणार नाही, ए. के. बालाजीच्या २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने कोर्टाबाहेरचं काम, म्हणजे सल्ला देणं, ड्राफ्टिंग करणं हे पण प्रॅक्टिसच मानलं आहे. त्यांना सांगा रिटेनरशिप द्या, महिन्याला ठरावीक फी, तुम्ही स्वतंत्र वकीलच राहाल. कंपनीला पण तेच स्वस्त पडतं.

नोटरी तुमच्या नेमून दिलेल्या क्षेत्रापुरतीच. वापीत बसून त्या शिक्क्याने एकही कागद करू नका, कितीही जवळच्या माणसाने आग्रह केला तरी. क्षेत्राबाहेर राहायला गेल्यावर ती चालू ठेवायची की सोडायची हे सरकारला लेखी कळवून ठरवा.

दमणगंगा_काठ

रिटेनरशिपला माझं पण मत. आणि ताई वापीला आलात की मेसेज करा, वलसाडला एक-दोन चांगले वकील आहेत जे जॉइंट वकीलपत्राला तयार असतात, ओळख करून देतो. नाशिकला जाताना कपराडा-पेठ रोड धरा, जवळ पडतो, पण पावसाळ्यात घाटात दरड येते तेव्हा तारखेच्या आदल्या दिवशीच निघत जा.