अंगावरून वारं जाताना घरच्यांना आधी काय दिसलं? अनुभव लिहा

लकवा, पॅरालिसिस, स्ट्रोक, काहीही म्हणा, तोंड वाकडं आणि हात लुळा एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण घरच्या माणसाला सुरुवातीला जे दिसतं ते बरेचदा इतकं किरकोळ असतं की त्याला कोणी लक्षण म्हणणार नाही. तुमच्याकडे पहिल्यांदा काय खटकलं ते लिहा. बिलं आणि डॉक्टरांवरचा राग नंतर कधीतरी.

*

सासऱ्यांची चप्पल. आम्ही सांगलीकडचे. संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायची त्यांची सवय, त्या दिवशी डाव्या पायातली चप्पल सारखी मागे राहायची आणि यांना पत्ताच नाही, तसेच एका चपलेवर चालतायत. सासूबाई म्हणाल्या अंगठा तुटला असेल. मग चहा दिला तर डाव्या बाजूने सदऱ्यावर ओघळला तेही कळेना, तेव्हा मी म्हटलं मामा, दोन्ही हात समोर धरा बघू, तर डावा आपोआप खाली यायला लागला. आणि हे ठाम, मला काही झालेलं नाही, उगा डोकं खाऊ नका! नंतर कळलं की मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला तर काही जणांना आपली डावी बाजू गेलीये हे खरंच जाणवत नाही, हट्ट नसतो तो. तोवर गल्ली जमली, एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं (हो, अजून चालतं), दुसऱ्याला कुठल्याशा गावची झाडपाल्याची पुडी माहीत होती. नवऱ्याने कोणाचं न ऐकता गाडी काढली आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठलं. आता काठी घेऊन चालतात, पायात मागून पट्टा असलेली सँडल.

*

मी टोरांटोला, आई पुण्यात. व्हिडिओ कॉलवर सूर, हातवारे सगळं नेहमीचं, फक्त शब्द भलतेच. "कुकरला पंखा लावला नि तो सोमवार पिऊन टाकला" असलं काहीतरी. आधी वाटलं गंमत करतेय. आज कोण आलं होतं गं विचारलं तर परत तसंच, वर मला कळत नाहीये म्हणून माझ्यावरच चिडली. तोंड सरळ, हातात वाटी धरलेली. दुसऱ्या फोनवरून खालच्या मजल्यावरच्या काकूंना वर पाठवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी होती, वेळेत पोचली म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. अजून भाज्यांची नावं अडकतात, "ते हिरवं लांब" म्हणते मग आम्ही पडवळ, दोडका, शेवगा असे पर्याय देतो.

*

भाऊ, वय ४१, बीपी नाही शुगर नाही. गरगर आणि उलट्या, म्हणून सगळ्यांनी पित्त ठरवलं, दवाखान्यातही पित्ताचंच इंजेक्शन दिलं. वहिनीला पटेना, कारण हा भिंत धरूनही एकाच बाजूला कलंडत होता आणि एकाच्या जागी दोन दिसतायत म्हणत होता. छोट्या मेंदूतला स्ट्रोक निघाला. हातापायात ताकद पूर्ण.

*

बाबांना पेपर वाचताना एका डोळ्यापुढे अंधारी आली, थोड्या वेळाने गेली. ते निघाले चष्म्याचा नंबर काढायला. बहिणीने अडवून थेट फिजिशियनकडे नेलं, तिथून तपासण्या, तर मानेतली त्याच बाजूची रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली. आपोआप गेलं म्हणजे सुटलो असं नसतं, याला टीआयए (तात्पुरता झटका) म्हणतात आणि मोठ्या झटक्याचा धोका पुढचे दोन दिवस सगळ्यात जास्त असतो.

*

न्यूरो आयसीयूत नर्स आहे, आम्हाला काय लागतं ते सांगते. पहिला प्रश्न असतो, शेवटचे ठणठणीत कधी पाहिले? गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तास मिळतात आणि ते तिथून मोजतात. सकाळी उठल्यावर बोलणं जड लागलं तर उठल्याची वेळ धरत नाहीत, म्हणून रात्री दोनला बाथरूमला गेले तेव्हा नीट बोलले होते, ही माहिती फार कामाची. उशीर झाला म्हणून घरी थांबू नका, काही पेशंटमध्ये रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी काढणं २४ तासांपर्यंत जमतं. आणि प्लीज ॲस्पिरिन देऊ नका! गुठळी आहे की रक्तस्राव ते सीटीशिवाय कोणालाच कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर त्या गोळीने तो वाढू शकतो. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. डायबेटिस असेल तर ग्लुकोमीटर लावा, शुगर उतरली तरी माणूस हुबेहूब असाच दिसतो, पण त्यासाठी निघायचे थांबू नका.

*

नर्सताई, माझ्या आत्याचं तोंड वाकडं झालं होतं पण तो स्ट्रोक नव्हता म्हणे. हे कसं ओळखायचं?

*

बेल्स पाल्सी असेल, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, मेंदूतला झटका नव्हे. त्यात सहसा कपाळाला आठी घालता येत नाही आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही, स्ट्रोकमध्ये कपाळ बहुधा हलतं. पण हे घरी बसून ठरवू नका, आम्हीही स्कॅन बघूनच बोलतो.

*

एक ॲड करतो. आमच्या तालुक्याला सीटी मशीन आहे पण रात्री चालवायला माणूस नसतो. १०८ वाल्यांना फोनवरच सांगायचं की लकव्याची शंका आहे, आणि स्वतःच्या गाडीने निघालात तर वाटेतच हॉस्पिटलला फोन लावून सीटी आत्ता चालू आहे का ते विचारायचं.