डिसेक्शन बंद करून सगळं पडद्यावर? माझा ठाम विरोध

हाताचा सर्जन (धागाकर्ता): मेडिकल कॉलेजांत शरीराचं थ्रीडी चित्र दाखवणारी डिजिटल टेबलं आल्यापासून एक सूर सारखा कानावर येतो: पहिल्या वर्षाला आता डिसेक्शनला, म्हणजे कापून शिकायला, मृतदेह कशाला, थ्रीडीत सगळं दिसतंच की! मला हे अजिबात पटत नाही.

अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा. मधोमध दोरीसारखा वर येतो तो पामारिस लाँगस या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. बऱ्याच जणांच्या एका किंवा दोन्ही हातांत तो नसतोच. तो नसल्यानं पकडीत फारसा फरक पडत नाही, म्हणून आम्ही तो ग्राफ्टसाठी, म्हणजे दुसरीकडे जोडायला, काढून घेतो. पण लगेच खाली मीडियन नर्व्ह, हाताची एक मुख्य मज्जातंतू, असते. नर्व्हलाच टेंडन समजून काढल्याच्या दुर्घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. पडद्यावर नर्व्ह पिवळी, धमनी लाल, शीर निळी. देहात मात्र सगळं करडं-तपकिरी. फॅशिया, म्हणजे अवयवांभोवतीचं पातळ आवरण, हळूहळू सोडवत, काय भरीव, काय पोकळ, काय चपटं, हे बोटांनीच ओळखावं लागतं.

फिजिओची शिक्षिका: सर, तुम्हाला मिळालं ते आजच्या मुलांना मिळतंय कुठे? एका देहाभोवती घोळका. दोघं-तिघं चिमटा धरतात, बाकीचे माना उंच करून बघतात. वर देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. शिवाय त्यात मुरलेला स्नायू ताठर होतो, जिवंत दंडाचा बायसेप्स हाताला तसा लागत नाही. इंग्लंडमधलं पेनिन्सुला मेडिकल स्कूल २००२ मध्ये सुरू झालं तेच डिसेक्शनशिवाय. तिथे जिवंत माणसाच्या अंगावरून आणि स्कॅनवरून शिकवलं.

इतिहासाचा वाचक: दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन याला रोममध्ये माणसाचं शरीर उघडता येत नव्हतं. त्यानं माकडं, डुकरं कापली आणि ते ज्ञान माणसाला लावलं. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, हे त्याचं म्हणणं तेराशे वर्षं चाललं. प्राध्यापक उंच आसनावरून ग्रंथ वाचायचे, खाली न्हावी कापायचा, विद्यार्थी बघायचे. इटलीतल्या पादुआत शरीरशास्त्राचा प्राध्यापक व्हेसेलियस स्वतः सुरी घेऊन उभा राहिला आणि १५४३ च्या ग्रंथात त्यानं जबडा एकसंध असल्याचं मांडलं. पडदा म्हणजे ते उंच आसनच परत आणणं.

फिजिओची शिक्षिका: आणि मान उंच करून बघणारा घोळका? तोही त्याच काळातला आहे!

आयुर्वेदाची विद्यार्थिनी: सुश्रुतानं देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायला सांगितलंय. मग वाळ्याच्या, बांबूच्या कुंच्यांनी हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. शास्त्रात वाचलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं, दोन्ही हवं, असं तो स्पष्ट म्हणतो. मी सरांच्या बाजूनं.

सामाजिक कार्यकर्ता: देह कोणाचे, हेही विचारा. व्हेसेलियसच्या टेबलावर फाशी गेलेले होते. स्कॉटलंडमधल्या एडिनबरात बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ मध्ये माणसं मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या शिक्षकाला विकली. आपल्याकडे १९४९ च्या कायद्यानं बेवारस मृतदेह कॉलेजांना देता येतात. बेवारस म्हणजे बहुतेक वेळा फुटपाथवरचा गरीब. त्याची संमती कोणी घेतली? पडद्यामुळे हा अन्याय थांबणार असेल तर मी पडद्याच्या बाजूनं.

हाताचा सर्जन: संमतीचा मुद्दा मला पूर्ण मान्य. उत्तर देहदान आहे: जाणून-समजून दिलेले देह, आणि मुलांना ते कोणी दिले याची जाणीव. गर्दीवर उपाय लहान तुकड्या. ताठरपणावर ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या थील यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत आहे, तिच्यात सांधे आणि स्नायू मऊ राहतात. खर्चिक आहे, पण डिजिटल टेबलही काही फुकट येत नाही. त्या टेबलावर तेच ते मोजके हात पुन्हा पुन्हा दिसतात, खरे देह मात्र एकासारखा दुसरा नसतो.

फिजिओची शिक्षिका: देहदान वाढेपर्यंत घोळक्यातल्या मागच्या रांगेचं काय? तिला आज तरी मी अल्ट्रासाउंडचा प्रोब हातात देईन. त्यावर आकुंचन पावणारा स्नायू दिसतो, तो तुमच्या डिसेक्शनच्या टेबलावर कधीच दिसणार नाही.