गोल्टरमन: चेलोवरून कंडक्टिंगकडे
गेऑर्ग गोल्टरमन म्हणजे ‘शिकाऊ चेलोवाल्यांचा संगीतकार’, असं म्हटलं जातं (चेलो म्हणजे बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं मोठं तंतुवाद्य). मला हे अर्धंच पटतं. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा हा माणूस (१८२४-१८९८) आधी मैफली गाजवणारा वादक होता. १८५२ला वुर्त्सबुर्गला संगीत दिग्दर्शक झाला, पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या नाट्यगृहात दुय्यम कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा दुय्यम संचालक. मुख्य पद मिळालं थेट १८७४मध्ये! एकवीस वर्षं दुसऱ्या जागेवर राहून त्याने ऑपेरे उभे केले, हे कुणीच लिहीत नाही.

आणि त्याचा चौथा कन्चेर्टो (एकल चेलो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) सोपा म्हणून सोडू नका. तो जी मेजर या स्वरपट्टीत आहे, त्यामुळे चेलोच्या जी आणि डी या मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारा आपसूक घुमतात, नवख्याच्या हातातही चेलो भरून बोलतो. मी शिकताना ते पहिल्यांदा अनुभवलं, अजून विसरलेलो नाही.