सिलिंडर सरकवताना हात भरला, सूज उतरत नाही

प्रश्न: परवा भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवताना उजव्या कोपराच्या वर कट्‌कन काहीतरी झालं. रात्रीपर्यंत हात टम्म सुजला. सासूबाईंनी मायेने आंबेहळदीचा गरम लेप लावून तेल चोळलं, सकाळी ठणका दुप्पट. बांगड्या मनगटात रुतल्यात. पोळी लाटता येत नाही, वेणीसुद्धा लेक घालते. काय करू?

उत्तर: ताई, आधी बांगड्या-अंगठी काढा. साबणाने निघाली नाही तर सोनाराकडून कापून घ्या, सुजेत बोटाचं रक्त अडतं. चोळणं, शेकणं पहिले दोन-तीन दिवस बंद. बर्फ पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. झोपताना हाताखाली दोन उशा.

उत्तर: क्रेप बँडेज बांधलंत तर सैलसर बांधा. मी आवळून बांधलं होतं, तासाभरात बोटं गार पडली. बोटांची उघडझाप मात्र चालू ठेवा.

उत्तर: कट्‌कन झालं म्हणता म्हणून विचारतो, दंडाचा गोळा वेगळाच दिसतोय का? कोपरापाशी काळंनिळं? मग स्नायूबंध तुटलेला असू शकतो, हाडांच्या डॉक्टरांना आजच दाखवा. सबंध हात निळसर, जड वाटत असेल तर शिरेत रक्ताची गाठही असू शकते, थेट दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती: बांगड्या निघाल्या, काचेच्या दोन वाढवाव्या लागल्या. आरशात पाहिलं, कोपराच्या खोबणीत जांभळा डाग आहे. संध्याकाळची वेळ घेतली. सिलिंडर आता दीर सरकवतील.