मदत हवी आहे : पेट्रोल इंजिनातील ऑइल कमी होत आहे

माझी २०१४ सालची, १४९७ सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. आजवर ऑइल आणि फिल्टर दर १० हजार किलोमीटरला न चुकता बदलले. तरीही गेल्या वर्षापासून हजार किलोमीटरमागे सुमारे ४०० मिलिलिटर ऑइल कमी होते. खाली थेंबही गळत नाही. नाशिकच्या थंडीत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली की क्षणभर निळसर धूर (ऑइल जळत असल्याची खूण) दिसतो, मात्र मुंबईहून परतताना कसारा घाट चढताना तो अजिबात दिसत नाही, त्यामुळे पिस्टन रिंगपेक्षा (त्या झिजल्या असत्या तर इंजिनावर भार पडताना धूर आला असता) व्हॉल्व्ह सीलच (व्हॉल्व्हच्या दांड्याजवळून ऑइल सिलिंडरमध्ये जाऊ न देणारे रबरी सील) झिजले असावेत असे मला वाटते. मेकॅनिक थेट इंजिन उघडायला सांगतात, आणि तोवर ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलऐवजी ५डब्ल्यू-३० हे जाड ऑइल वापरा म्हणतात.

आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या तळभागात साचणारे वायू पुन्हा जाळण्यासाठी परत पाठवणारा) तपासून कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडरमधील दाब आणि त्या दाबाची गळती मोजणाऱ्या चाचण्या) करून घेणे योग्य ठरेल का? सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता व्हॉल्व्ह सील बदलणारा विश्वासू कारागीर सातपूर, अंबड किंवा द्वारका परिसरात कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे. ही गाडी वडिलांनी घेतलेली आहे, त्यामुळे ती विकण्याचा विचार नाही.