ब्रिटिश रहस्यकथांची ऑडिओबुकं: ह्यू फ्रेझरनंतर कोणाला ऐकावं? (बाबांसाठी विचारतेय)

बोरिवली_स्लो

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. काचबिंदूमुळे गेल्या दोनेक वर्षांत वाचन जवळजवळ बंदच झालंय. शाळेत असताना गिरगावात बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड दिवसाला एक या हिशोबाने संपवणारा माणूस, नोकरीला लागल्यावर फोर्टच्या फुटपाथवरून जुन्या अगाथा ख्रिस्ती आणून ट्रेनमध्ये उभ्याने वाचणारा, तो आता टीव्हीवरच्या भांडणांसमोर नुसता बसून असतो हे बघवत नाही हो. म्हणून ऑडिओबुकं सुरू केली. फोनच्या काचेवर 'तीस सेकंद मागे' च्या बटणाखाली एक टिकली चिकटवून दिलीय, ती बोटाने चाचपून तिच्या जरा वर दाबतात, बाकी सगळं मी ऑफिसला निघताना लावून देते.

पहिलं लावलं ते ख्रिस्तीच्या गुप्तहेराचं, पोआरोचं, पहिलंच पुस्तक, १९२० चं, स्टाइल्सवालं. वाचलंय ह्यू फ्रेझरने. हा म्हणजे डेव्हिड सुशेच्या टीव्हीवरच्या पोआरो मालिकेतला कॅप्टन हेस्टिंग्ज, पोआरोचा मित्र, आणि ते पुस्तक हेस्टिंग्जच सांगतो, त्यामुळे बाबा पाचव्या मिनिटाला म्हणाले, अगं हा तर स्वतःचीच गोष्ट सांगतोय. तिथून जे लागले ते अकरा ख्रिस्ती झाल्या.

मग मी बदल म्हणून दुसऱ्याच कोणाची तरी रहस्यकथा लावली आणि घोळ झाला. त्या वाचणाऱ्याने प्रत्येक बाईला चिरका आवाज दिलेला, इन्स्पेक्टर नुसता गुरगुरतोय, आणि एक वकील आला तर त्याचा आवाज एकदम चंपी केल्यासारखा तेलकट. बाबा म्हणाले, हाच. मी म्हटलं अहो चौथं प्रकरण चालू आहे. म्हणाले, आवाज ऐक ना, हाच. आणि तोच निघाला!! पुढचे सात तास आम्ही कशासाठी ऐकले देवाला ठाऊक.

तर प्रश्न असा की असं न फोडता वाचणारे कोण आहेत. बाबांचं इंग्रजी वाचून वाचून पक्कं झालेलं आहे पण कानाला सवय नाही, यॉर्कशरची मोलकरीण बोलायला लागली की टिकलीवर बोट जातं. आणि नुसते खूनच नकोत असंही म्हणतायत, 'मिडलमार्च' (जॉर्ज एलियट या लेखिकेची कादंबरी) म्हणे चाळीस वर्षांपूर्वी अर्धं टाकलं होतं ते डोक्यात आहे. सुचवा प्लीज.

---

पार्ल्याचा_पाऊस

फ्रेझरला +१. पोआरोचा आवाज काढताना सुशेची आठवण येतेच पण नक्कल वाटत नाही, शेजारी बसून इतकी वर्षं ऐकलाय ना त्याने तो आवाज, १९८९ ते २०१३ मालिका चालली.

बाबांना कानाची अडचण आहे तर सायमन व्हान्स लावून बघा. आधी बीबीसी रेडिओ ४ वर बातम्या वाचायचा, शब्द न् शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा ऐकू येतो. होम्स आहे त्याच्या आवाजात, डिकन्स आहे, बाँडची पुस्तकंपण आहेत. होम्सच हवा असेल तर स्टीफन फ्रायने सगळाच्या सगळा वाचलाय, सत्तर तासांच्या वर, पावसाळा निघेल.

आणि हेरकथा चालत असतील तर ल कारेची पुस्तकं मायकेल जेस्टनच्या आवाजात. १९७९ च्या बीबीसी मालिकेत तो ल कारेच्या हेरनायकाचा, स्मायलीचा, साथीदार पीटर गिलम झाला होता, म्हणजे तुमच्या हेस्टिंग्जसारखीच केस. थकलेली, जुन्या फायलींचा वास येणारी माणसं काय वाचतो राव.

---

काचेमागची

मी वर्सोव्याला डबिंग करते, मधूनमधून मराठी ऑडिओबुकंही वाचते, म्हणून त्या तेलकट वकिलावर दोन शब्द. जरा आतलं सांगते.

इंग्रजीत एका तासाच्या तयार ऑडिओत साधारण नऊ हजारांच्या आसपास शब्द बसतात आणि तो एक तास रेकॉर्ड व्हायला दोन ते तीन तास आरामात जातात. पैसे बहुतेक वेळा तयार तासाचे मिळतात. म्हणजे तुम्ही आधी पुस्तक नीट वाचून, प्रत्येक माणसाची खूण करून, उच्चार शोधून बसलात तर ते तुमच्या खिशातून. म्हणून काही जण तयारीच करत नाहीत आणि मग शेवटच्या प्रकरणात वाक्य येतं की 'तो आपल्या स्कॉटिश हेलात म्हणाला', आणि मागचे नऊ तास तो लंडनवाला वाचून झालेला असतो. हा आमच्या धंद्यातला जुना जोक आहे आणि जोक नाहीये.

पण रहस्यकथेत उलटा त्रास होतो. तयारी केली की तुम्हाला खुनी माहीत असतो! मी एकदा एक मराठी रहस्यकथा वाचत होते, मे महिना, आवाज येतो म्हणून बूथमधला एसी बंद, सिंथेटिक कापड सळसळतं म्हणून सुती कुर्ता, तोंडाची चिकचिक जावी म्हणून हिरवं सफरचंद खाऊन बसलेली, सगळं व्यवस्थित. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट पोरगा तिसऱ्या दिवशी टॉकबॅकवर म्हणतो, ताई, तो काका बोलायच्या आधी तुम्ही दर वेळी श्वास घेताय. फक्त त्याच्याच आधी. परत ऐकलं तर खरंच, तो आला की मी पाव सेकंद थांबत होते, पाय जपून टाकल्यासारखी. अठरा ठिकाणी परत वाचावं लागलं.

तेव्हापासून एकच धरून ठेवलंय, खोटं बोलणारा माणूस खोटं बोलताना स्वतःला खरा मानतो, तर मीही त्या वाक्यापुरतं त्याला खरं मानायचं. फ्रेझर हे फार शांतपणे करतो. त्याचं पात्र सभ्य असेल तर सभ्यच वाचतो, पुढे ते काय करणार आहे याची सावली आजच्या वाक्यावर पाडत नाही.

खुनी लपवण्यापेक्षा अवघड काम म्हणजे क्लू. ख्रिस्ती काय करते, खोलीत काय काय होतं ते सांगते, टेबल, दिवा, कॉफीचा कप, खुर्ची, आणि त्यात मधेच ती एक वस्तू ठेवून पुढे निघून जाते. वाचताना डोळा सरकतो. ऐकताना काय होतं, वाचणारा त्या वस्तूवर जरासा जरी रेंगाळला तरी पुस्तक तिथेच संपलं, आणि घाईने गिळून टाकली तर ऐकणाऱ्यावर अन्याय, कारण त्याला मागे पान उलटून बघता येत नाही (तुमच्या बाबांना टिकली आहे म्हणा). पाचही वस्तू एका मापाने वाचायला लागतात. ऐकायला काहीच नाही वाटत यात. करून बघा.

तुम्ही अकरात ऐकलं नसेल तर १९२६ चं 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' फ्रेझरच्याच आवाजात लावा, आणि संपल्या संपल्या पहिलं प्रकरण परत लावा. यापुढे मी काही बोलणार नाही, बाकीच्यांनीही बोलू नये.

---

डबल_फास्ट

मी सगळं १.५ वर ऐकतो, अंधेरी ते चर्चगेट दोन प्रकरणं होतात. एवढं बारीक कोण ऐकतं हो? श्वास म्हणे. आणि ते हेल वगैरे काढायची गरजच काय, साधं सरळ वाचा ना, आम्हाला खुनी कोण ते कळलं की झालं.

---

काचेमागची

@डबल_फास्ट, खुनी कोण एवढंच हवं असेल तर शेवटचं पान वाचा, तिकीट काढून गाडीत बसायचं कशाला 😄

हेलाचं मात्र सांगते. इंग्रजांत हेल म्हणजे आधारकार्ड, माणूस कुठल्या गावचा, कुठल्या शाळेतला, बाप काय करत होता, सगळं दोन वाक्यांत बाहेर पडतं. त्या कथांमध्ये बटलर, मोलकरीण, कर्नल, नवश्रीमंत साबणवाला हे सगळे एका घरात कोंडलेले असतात आणि कोण कोणाशी कसं बोलतं हाच अर्धा पुरावा असतो. आपल्याकडे मालवणच्या गड्याच्या तोंडी सदाशिव पेठ घातली तर तुम्हालाच संशय येईल की नाही. सपाट वाचलं की तो संशय घ्यायची सोयच जाते.

फक्त ते चिमटीतलं मीठ हवं. पुलंनी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर एकट्याने उभी केली ती काय प्रत्येकाचा घसा बदलून? एकाची वाक्यं लांब, एक मधेच अडखळतो, एक कायम तक्रारीच्या सुरात. बाईचा आवाज काढायला पुरुषाने चिरकायची गरज नसते, वजन जरा कमी केलं, वाक्याचा शेवट जरा वेगळा ठेवला की पुरतं.

---

मावशी_मुलुंडच्या

बोरिवली, तुझा टिकलीचा उपाय मी उचलला गं, आमच्या सासूबाईंसाठी.

मिडलमार्चसाठी डोळे झाकून ज्युलिएट स्टीव्हनसन. पस्तीस तासांच्या वर आहे, घाबरू नका. मी बीएला असताना ते पुस्तक माझ्या हातात टिकलं नव्हतं कारण एकेक वाक्य चार ओळींचं, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. हिच्या आवाजात तेच वाक्य ऐकलं तर कळलं की अर्ध्या वाक्यात ती लेखिका चक्क टोमणा मारतेय! नाक वर करून नाही, आपली एखादी मोठी आत्या पानाला चुना लावता लावता सहज बोलून जाईल तसा. कॅसॉबन हा तो विद्वान नवरा, त्याला ती वाचते तेव्हा हसूही येतं आणि मधेच वाईटपण वाटतं, कारण तिने त्याला विदूषक केलेला नाही. त्याचा आवाज काढते म्हणजे काय, आपला बाईचाच आवाज ठेवते पण सगळी हवा काढून घेते त्यातली. सुकलेला. बाबांना सांगा दिवसाला एक प्रकरण, भाजी निवडताना मी तसंच केलं, जवळजवळ तीन महिने लागले.

एक मात्र, ट्रेनमध्ये नका ऐकू. ती मधेच इतकी हळू बोलते की बाजूने एक फास्ट गेली तरी लग्न मोडल्याचं कळत नाही.

'वुल्फ हॉल' पण सुचवणार होते पण जपून. त्यात नायक क्रॉमवेल, म्हणजे आठव्या हेन्री राजाचा मंत्री, त्याचं नाव न घेता बराच वेळ नुसतं 'तो' चालतं, पुस्तकात वाचतानाही लोक गोंधळले होते. बेन माइल्सने वाचलेली आवृत्ती घ्या, रंगमंचावर क्रॉमवेल त्यानेच केलेला, 'तो' म्हणताना आपसूक 'मी' म्हटल्यासारखं येतं आणि गाडी रुळावर राहते.

---

जुना_श्रोता

माझी तक्रार वेगळी आहे. सवय झालेला आवाज मालिकेच्या मध्येच बदलतात त्याचं काय करायचं? रिचर्ड ऑस्मनची ती निवृत्तांच्या वसाहतीतल्या चौघांची मालिका, पहिली दोन पुस्तकं लेस्ली मॅनव्हिलने वाचली, तिसऱ्यापासून फिओना शॉ आली. दोघी मोठ्या नट्या, वाद नाही, पण मला पहिले दोन तास घरात पाहुणे आल्यासारखं वाटत होतं. आकाशवाणीवरच्या 'प्रपंच'मध्ये टेकाडे भावजींच्या जागी एका सकाळी दुसऱ्याच कोणाचा आवाज आला असता तर आमच्या चाळीत मोर्चा निघाला असता, बाळ कुडतरकर म्हणजेच टेकाडे भावजी.

कोण बोलतंय ते कळत नाही अशी बाबांची अडचण असेल तर दोन वाचकांचं पुस्तक घ्या. अँथनी हॉरोविट्झचं 'मॅगपाय मर्डर्स', त्यात पुस्तकाच्या पोटात आणखी एक पुस्तक आहे, आणि वाचायलाही सामंथा बाँड आणि अ‍ॅलन कॉर्डनर असे दोघं. आवाज बदलला की आपण कुठल्या पुस्तकात आहोत ते आपोआप कळतं.

बाकी मराठीत ऐका असं कोणीतरी म्हणेलच, मीच म्हणून टाकतो. आपल्याकडे कथाकथन एवढं झालं, शंकर पाटील, मिरासदार, माणसं मैदानं भरून ऐकायची, पण रहस्यकथा थंड डोक्याने वाचणारे कमी, लगेच पार्श्वसंगीत ढँणढँण. @काचेमागची, तुमचं बघा काहीतरी.

---

काचेमागची

ढँणढँण आम्ही नाही घालत हो, ते नंतर कोणीतरी घालतं 🙏

---

बोरिवली_स्लो

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. अपडेट देते.

सायमन व्हान्सचा होम्स बाबांना आवडला पण म्हणाले फार टापटीप आहे, इस्त्रीचा शर्ट घालून खून. मिडलमार्च सुरू आहे, रोज एक प्रकरण, दुपारी चहाच्या आधी. कॅसॉबनला ते 'आमचा हेडक्लार्क' म्हणतात.

आणि 'अ‍ॅक्रॉइड' झालं. संपल्यावर दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग मला म्हणाले पहिलं लाव परत. मी लावून ऑफिसला गेले, संध्याकाळी आले तर पहिल्या चारच प्रकरणांत अडकलेले, एकेक वाक्य मागे नेऊन ऐकतायत, आणि म्हणतात काय, "लबाड कुठला, सगळं सांगितलं होतं गं त्याने, एका शब्दाने फसवलं नाही." लबाड म्हणजे फ्रेझर की ख्रिस्ती की आणखी कोणी ते विचारलं तर हसले नुसते.

टिकली उचकटली होती. नवीन लावून दिलीय, या वेळी मोठी.